भिंतभर गेम खेळायचा तर लुमेनच्या आधी पंखा मोजा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

टीव्हीभोवतालची सगळी भिंत गेमच्या दृश्याने भरून टाकायची, ही हौस मुंबईतल्या हॉलपर्यंत पोहोचली आहे. त्यावर वाचायला मिळते ते बहुतेक जाहिरातीच्या भाषेत. खर्च करण्याआधी टेप घेऊन काय मोजावे, हे कुणी सांगत नाही. म्हणून हे पत्र थोडे लांबले आहे.

कल्पना जुनीच आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाने २०१३ मध्ये ‘इल्युमिरूम’ दाखवले. एक प्रोजेक्टर आणि एक किनेक्ट कॅमेरा. किनेक्ट खोलीचा आकार आणि भिंतीवरचे, फर्निचरवरचे रंग टिपायचा, त्यानुसार चित्र दुरुस्त व्हायचे आणि टीव्हीच्या बाहेर सांडायचे. पुढच्याच वर्षी ‘रूमअलाइव्ह’मध्ये सहा प्रोजेक्टर आणि सहा किनेक्ट लावून अख्खी खोली व्यापली. २०१७ मध्ये रेझर कंपनीने ‘प्रोजेक्ट अरियाना’ हा नमुना मांडला. यातले काहीही घरगुती उत्पादन म्हणून दुकानात आले नाही. रूमअलाइव्हचे सॉफ्टवेअर खुले आहे, पण त्याला लागणाऱ्या किनेक्टचे उत्पादन २०१७ मध्येच थांबले. म्हणजे आज जो तो आपापली जुळवाजुळव करतो आणि तिथेच पैसे वाया जातात.

सगळ्यात महाग गैरसमज रिझोल्यूशनचा. भिंतीवरच्या चित्राकडे खेळणारा थेट बघत नाही, ते नजरेच्या कडेला पडते. कडेच्या नजरेला अक्षर वाचता येत नाही; हालचाल आणि लुकलुक मात्र ती चटकन पकडते. कडेने दृश्य सरकले की बसल्या जागी आपणच पुढे जात असल्याचा भास होतो, सगळी गंमत त्यातच आहे. त्यामुळे या कामाला फोर-के प्रोजेक्टर घेणे उधळपट्टी आहे. साधा १०८० पी, तोही किंचित आउट ऑफ फोकस, पुरेसा होतो. पैसे घालायचे ते उजेडावर आणि वेगावर.

आता खोली. दहा बाय बारा फुटांचा हॉल, टीव्ही दहा फुटी भिंतीवर, सोफा समोरच्या भिंतीला. डोळे टीव्हीपासून साधारण २.८ मीटरवर. ५५ इंची टीव्ही तिथून सुमारे २५ अंशांचा कोन व्यापतो. ३ मीटर रुंद चित्र असेल तर तो ५६ अंशांवर जातो. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो म्हणजे भिंतीपासूनचे अंतर भागिले चित्राची रुंदी. नेहमीचा १.५ रेशोचा प्रोजेक्टर ३ मीटर रुंदीसाठी ४.५ मीटर मागे हवा आणि हॉलची खोली आहे ३.६६ मीटर. म्हणजे तो स्वयंपाकघरात ठेवावा लागेल. ०.५ रेशोचा शॉर्ट थ्रो १.५ मीटरवर बसतो, हे कागदावर छान दिसते. पण १२०० मिमी पात्यांचा पंखा खोलीच्या मध्यावर असेल, तर त्याची पाती भिंतीपासून १.२ ते २.४ मीटर या पट्ट्यात फिरतात. स्लॅबला ज्या जागी प्रोजेक्टर टांगायचा, नेमकी ती जागा पंख्याची. पंख्यामागे टांगला तर पात्यांच्या सावल्या भिंतीवर नाचतात, आणि कडेच्या नजरेला तीच लुकलुक सर्वांत जास्त खुपते. मुंबईच्या उकाड्यात पंखा बंद ठेवून गेम खेळा, असा सल्ला देण्यात अर्थ नाही.

यावर उपाय टीपॉयचा. ४५ सेंटिमीटर उंचीचा टीपॉय भिंतीपासून दीड मीटरवर, त्यावर शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर. बहुतेक शॉर्ट थ्रोमध्ये चित्र लेन्सच्या पातळीच्या वर पडते, त्यामुळे टीव्हीकडे जाणारी नजर अडत नाही आणि बसलेल्यांच्या डोक्याच्या सावल्याही पडत नाहीत. एक सावली मात्र उरते: टीव्ही भिंतीपासून ८ सेंटिमीटर पुढे असेल, तर खालून येणाऱ्या उजेडामुळे टीव्हीच्या वर सुमारे ५ सेंटिमीटरचा काळा पट्टा दिसतो. हलणारा ब्रॅकेट काढून सपाट ब्रॅकेट लावला की तो निम्म्यावर येतो. टीपॉयच्या पायांभोवती जमिनीवर टेप मारून ठेवा. टीपॉय एक सेंटिमीटर सरकला तरी सगळी जुळणी बिघडते. प्रोजेक्टरच्या गरम हवेच्या बाजूला फूटभर जागा मोकळी हवी. प्रोजेक्टर तिरका ठेवून वाकडे पडलेले चित्र डिजिटल कीस्टोनने, म्हणजे प्रोजेक्टरच्या सेटिंगमधून, सरळ करू नये. त्यात पिक्सेल वाया जातात आणि बऱ्याच मॉडेलांत चित्र आणखी उशिरा पोहोचते.

उजेडाचा हिशेब सोपा आहे. ३ मीटर रुंद सोळा-नऊ चित्राचे क्षेत्रफळ ५ चौरस मीटर. प्रोजेक्टरचे खरे ३००० लुमेन (एकूण उजेडाचे माप) असतील तर भिंतीवर साधारण ६०० लक्स (दर चौरस मीटरला पडणारे लुमेन) पडतात, आणि पांढऱ्या मॅट भिंतीवरून ते दीडशे निट्सच्या (डोळ्यांना दिसणाऱ्या उजळपणाचे एकक) आसपास दिसतात. जाहिरातीत ‘१०,००० लुमेन’ आणि प्रत्यक्षात ठरलेल्या प्रमाण पद्धतीने मोजलेले ३०० एएनएसआय लुमेन, असा माल असेल तर १५ निट्स. समोरच्या इमारतीच्या ट्यूबलाइटनेही ते चित्र धुऊन निघते. प्रोजेक्टर खरा असला तरी टीव्हीची ब्राइटनेस उतरवावीच लागते, नाहीतर मध्ये झगझगाट आणि भोवती अंधूक डाग असे दिसते. भिंतीला सॅटिन किंवा चकाकणारा रंग असेल तर लेन्सचा उजेड एका जागी चमकतो. तिथे मॅट इमल्शनचा हात द्यावा. शोकेस, देव्हारा, कॅलेंडर यांची दुरुस्ती इल्युमिरूम आपोआप करायचे. आपल्याला ते शक्य नाही, तेव्हा भिंत मोकळी करणे हाच मार्ग.

संगणकावर खेळत असाल तर जोडणी अशी. ग्राफिक्स कार्डाच्या एका पोर्टवर टीव्ही, दुसऱ्यावर प्रोजेक्टर, डेस्कटॉप ‘एक्स्टेंड’. ओबीएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टीव्हीवरचे दृश्य डिस्प्ले कॅप्चरने घ्या, स्केलिंग फिल्टरने ते १६० बाय ९० इतके लहान करा आणि पुन्हा पडदाभर ताणा. आपोआप मऊ, पुसट होते. त्यावर काळ्या रंगाचा आयत टाकून तो टीव्हीवर बसवा, चारही बाजूंनी सेंटिमीटरभर मोठा. मग ओबीएसमधला ‘फुलस्क्रीन प्रोजेक्टर’ हा पर्याय निवडून ते भिंतीवर सोडा. टीव्हीवर उजेड पडू न देणे महत्त्वाचे, कारण पडदा राखाडी पडला की सगळा परिणाम गेला. अर्थात हे टीव्हीतल्याच दृश्याचे ताणलेले रूप आहे, बाजूचे खरे दृश्य नव्हे. ते हवे तर गेममध्येच रुंद दृश्यकोनाची सोय लागते. ती मोटार आणि विमानाच्या सिम्युलेटरमध्ये बऱ्याचदा तीन पडद्यांसाठी दिलेली असते.

कन्सोलवाल्यांची फसगत एचडीएमआय स्प्लिटरवर, म्हणजे एक सिग्नल दोन पडद्यांना वाटणाऱ्या डबीवर, होते. साधा स्प्लिटर दोन्ही पडद्यांना झेपेल तेवढाच सिग्नल मागतो, म्हणून १०८० पी प्रोजेक्टर जोडताच फोर-के टीव्हीही १०८० पीवर उतरतो. शिवाय मधला भाग काळा करता येत नाही. त्यासाठी पास-थ्रू असलेले कॅप्चर कार्ड (सिग्नल टीव्हीला तसाच पुढे देऊन त्याची प्रत संगणकाला देणारे) आणि संगणक लागतो. प्लेस्टेशन ५ वर आधी सेटिंगमधून एचडीसीपी, म्हणजे चित्राची नक्कल रोखणारे कुलूप, बंद करावे लागते. ते बंद असताना ओटीटी अ‍ॅप चालत नाहीत, मग घरचे विचारतात टीव्हीला काय झाले. स्वस्त यूएसबी २.० कार्डे घेऊ नका, बहुतेक १०८० पीला ३० फ्रेमच देतात आणि भिंतीवरचे चित्र टीव्हीपेक्षा उशिरा हलताना स्पष्ट दिसते. अशी मागून हलणारी भिंत डोके दुखवते, मळमळही होते.

बहुतेक घरांसाठी माझे मत प्रोजेक्टरच्या विरोधात आहे. टीव्हीच्या मागे, पडद्याच्या कडेचे रंग भिंतीवर टाकणारी एलईडी पट्टी लावली तर कमी पैशांत निम्म्याहून जास्त गंमत मिळते. फिलिप्सने ‘अँबिलाइट’ टीव्ही २००४ मध्ये आणले, तेच तत्त्व. ५५ इंची टीव्हीचा घेर ३.८ मीटर. मीटरला ३० एलईडीची डब्ल्यूएस२८१२बी पट्टी (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलता येणारी) घेतल्यास ११५ एलईडी होतात. पूर्ण पांढऱ्यावर प्रत्येकी ६० मिलिअँपिअर धरले तर सुमारे ७ अँपिअर. ५ व्होल्ट १० अँपिअरचा पुरवठा घ्या आणि वीज पट्टीच्या दोन्ही टोकांना द्या. एकाच टोकाला दिली तर व्होल्टेज पडून दुसरे टोक पिवळट-लाल दिसते. पट्टी चालवणाऱ्या ईएसपी३२ या छोट्या बोर्डाचा सिग्नल ३.३ व्होल्टचा, पट्टीला ५ व्होल्टचा हवा. मध्ये सिग्नल ५ व्होल्टवर चढवणारी ७४एएचसीटी१२५ ही चिप न घातल्यास पहिलेच दिवे वेडेवाकडे लुकलुकतात. दोन्हींचा ग्राउंड एकच हवा. बोर्डात डब्ल्यूएलईडी हे सॉफ्टवेअर, संगणकावर पडद्याचे रंग टिपणारे हायपेरियन, आणि जोडणी यूएसबीनेच. आजूबाजूच्या वीस घरांच्या वायफायमध्ये रंग अडखळतात. वीजपुरवठ्याचा उघड्या टर्मिनलचा एसएमपीएस डब्यात बंद करून अर्थिंग द्यावे, लहान मुलांचा हात तिथे सहज पोहोचतो.

भिंतभर उजेडाची आणखी एक बाजू आहे. लखलखाट जितका मोठा भाग व्यापतो आणि सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा होतो, तितका प्रकाशसंवेदनशील अपस्माराच्या रुग्णांना धोका वाढतो. घरात कुणाला फिट येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. टीपॉयवरचा प्रोजेक्टर मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर येतो, हेही ध्यानात असू द्या. पावसाळ्यात लेन्सवर बुरशी चढते. प्रोजेक्टर पूर्ण थंड झाल्यावरच सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात बंद करून ठेवावा.

आपल्या पुरवणीत प्रोजेक्टरची माहिती छापताना तीन आकडे सक्तीने द्यावेत, अशी विनंती: एएनएसआय किंवा आयएसओ लुमेन, थ्रो रेशो आणि इनपुट लॅग, म्हणजे सिग्नल आल्यापासून चित्र दिसेपर्यंतचा उशीर. तिसरा आकडा दुकानदाराकडे नसतोच. तेव्हा लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाताना लॅपटॉप आणि स्प्लिटर न्यावा, चालू स्टॉपवॉच चांगल्या मॉनिटरवर आणि प्रोजेक्टरवर एकाच वेळी दाखवून मोबाइलच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये दोन्ही टिपावे. प्रत्येक फ्रेम ४ मिलिसेकंदांची. फरक दहा फ्रेमच्या वर गेला, तर तो प्रोजेक्टर क्रिकेट बघायला घ्यावा.

आपला,
घरगुती दृकश्राव्य जोडणीचे काम करणारा एक वाचक
बोरिवली (पूर्व), मुंबई