उद्यानांत सुरवंटांनाही जागा हवी

महोदय,

फुलपाखरे पाहायची ती श्रावण सरल्यावर, भाद्रपद-आश्विनात, असे मुंबईतील निसर्गप्रेमी मानतात आणि संख्येपुरते ते खरेही आहे. तथापि फाल्गुनाच्या अखेरीस आम्ही काही शेजारी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात दिवसभर हिंडलो, तेव्हा उन्हाळ्याच्या तोंडावरही हे जंगल किती गजबजलेले असते याचा प्रत्यय आला. पळस-पांगारा बहरात होते, कोशिंबाला लाल पालवी फुटली होती आणि पांगाऱ्यावर शिंजीर व साळुंक्यांची झुंबड उडाली होती. पक्ष्यांसाठी पहाटे निघावे लागते, फुलपाखरांसाठी मात्र ऊन चढण्याची वाट पाहावी लागते, कारण अंग तापल्याखेरीज ती उडत नाहीत. उशिरा उठणाऱ्यांना हा छंद सोयीचा आहे.

ओढे आटत आले असले, तरी ओल टिकलेल्या जागी फुलपाखरे मातीतील क्षार शोषत बसली होती. अशी बसणारी बहुधा नरच असतात. वाळक्या पाचोळ्यात ‘ईव्हनिंग ब्राऊन’ पायाशी येऊन उडेपर्यंत दिसत नाही, कारण कोरड्या ऋतूत जन्मलेल्या पिढीच्या पंखांवरचे डोळ्यांसारखे ठिपके पुसट होतात आणि मिटलेले पंख हुबेहूब सुक्या पानासारखे भासतात.

हे सविस्तर सांगण्याचे कारण आमच्या वस्तीतील सार्वजनिक उद्यान होय. तेथे हिरवळ आहे, रंगीत विदेशी फुलझाडे आहेत, पण पाचोळा रोज झाडून उचलला जातो, रुईचे झुडूप दिसताच उपटले जाते आणि पाने कुरतडलेली दिसली की औषध फवारले जाते. फुलांतील मध प्रौढ फुलपाखरांना पुरतो. मादी अंडी घालते ती मात्र सुरवंटांना खाता येतील अशाच वनस्पतींवर. 2015 साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखराचा मान दिलेल्या नीलवंताचे सुरवंट लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढतात, ‘प्लेन टायगर’चे रुईवर, ‘कॉमन बॅरन’चे आंब्यावर, तर हळदीकुंकू या देखण्या फुलपाखराचे चक्क बांडगुळावर. बांडगूळ झाडाला जाचक असते हे मान्य. परंतु मोठ्या, सशक्त झाडावरील एखादा झुपका राहू दिल्याने फारसे बिघडत नाही.

हे मुंबईला अशक्य नाही. धारावीलगतचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान एकेकाळच्या कचराभूमीवर उभे राहिले आहे, आणि ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या ओवळेकर वाडीत योग्य झाडे लावून फुलपाखरांची बाग फुलवण्यात आली आहे. त्यासाठी मोठा निधी लागतो असेही नाही. प्रत्येक सार्वजनिक उद्यानात एक कोपरा फवारणी व झाडलोटीतून वगळावा, तेथे कढीपत्ता, लिंबू, एरंड, रुई वाढू द्यावी आणि कोपरा अस्वच्छ नसून मुद्दाम राखलेला आहे हे सांगणारी मराठी पाटी लावावी, अन्यथा तक्रारी आमच्यासारख्या नागरिकांकडूनच येतील. पावसाळ्यापूर्वीची छाटणी सुरू होण्याआधी उद्यानांची देखभाल करणाऱ्यांनी हा निर्णय घेतला, तर येत्या पावसाळ्यातच त्याचा उपयोग होईल.

— एक वाचक, बोरिवली (पूर्व), मुंबई