आईचा तन्मणी

कोल्हापूर

प्रिय मालती,
सप्रेम नमस्कार.

आईच्या तन्मणीची, त्या मोत्यांच्या सराची, पार रया गेली. घरात ही गोष्ट काढली की ‘चार मोती बदलून घे’ एवढेच ऐकायला मिळते, म्हणून तुला लिहिते आहे; तो तुझ्या बाबांनी रेशमात ओवून गाठवलेला होता. आम्ही सगळे बरे आहोत, ह्यांचा रक्तदाब जिथल्या तिथे आहे.

वैशाखात समीरचे लग्न आहे, म्हणून वहिनींनी सगळे दागिने एका दुकानात उजळायला दिले आणि तिथे पाटल्यांबरोबर तन्मणीही यंत्रातल्या द्रावणात बुडवला गेला. भरीव सोन्याला त्याने काही होत नाही. मोती मात्र शिंपल्याने एकावर एक चढवलेल्या कॅल्शियम कार्बोनेटच्या सूक्ष्म थरांचा असतो. आम्ल किंवा जहाल रसायन लागले की वरचा थर झिजतो आणि मोत्याचे पाणी उतरते. घरी आल्यावर मी तो खिडकीशी धरून पाहिला. पूर्वी मोठ्या मोत्यांत खिडकीचे गज दिसायचे, आता ते खडूसारखे पांढरे दिसतात. खोडाच्या, म्हणजे मधल्या पदकाच्या, कोंदणात पाणी शिरून खड्यांमागचा डाक, तो चकचकीत पातळ पत्रा, काळवंडला आहे, त्यामुळे माणकांचा रंग मेला आहे. रेशीमही इतके सैल झाले आहे की दोन मोत्यांमध्ये धागा दिसतो.

आणि बदलून घ्यायचे म्हणजे कुठले मोती? हे बसऱ्याचे, इराणच्या आखातातले. १८९३ साली जपानात मिकिमोतोंनी पहिला अर्धगोल संवर्धित, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेला, मोती काढला आणि पुढे बाजार अशा संवर्धित मोत्यांनीच भरला. त्यांतले चार ह्या सरात ओवले तर लांबूनही वेगळे दिसतील. मला चार नवे मोती नकोत, आईच्या अंगावरचे हवेत, निस्तेज झाले तरी.

रिठ्यावरून आपण भांडलो होतो ते आठवते का? रिठा पाटल्या-बांगड्यांना चालतो, ओवलेल्या मोत्यांना नाही, हे माझे म्हणणे अजून कायम आहे. त्या भांडणात तू माझी वेणी ओढली होतीस, त्याचा हिशेब अजून बाकी आहे.

आता खरी काळजी आईच्या कोल्हापुरी साजाची आहे. वहिनी म्हणतात, लग्नाआधी तोही उजळून घेऊ. त्याच्या २१ पानांत लाख भरलेली आहे आणि वरचा पत्रा किती पातळ आहे हे तुला मी काय सांगावे? गरम पाण्याने लाख मऊ होईल, पत्रा चेपेल, आणि घासून चकाकी आणायची म्हणजे प्रत्येक वेळी थोडे सोने गमवायचे. जुन्या सोन्यावर आलेला तो मंद पिवळेपणा वहिनींना मळ वाटतो, मला तो साजाचा खरा रंग वाटतो. साज मी सध्या माझ्याकडे ठेवून घेतला आहे, त्यावरून घरात अबोला आहे.

लग्नानंतर हे सगळे नव्या सुनेबरोबर बंगळूरला जाईल. तिला एवढेच सांगायचे आहे की अत्तर आणि केसांचा फवारा आधी, मोती सगळ्यांत शेवटी. उतरवल्यावर किंचित ओलसर मलमलीने पुसून आडवे ठेवायचे, खुंटीला अडकवायचे नाहीत, कारण वजनाने रेशीम ताणते. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडायचे नाहीत आणि खडेजडित दागिन्यांपासून वेगळे, मऊ कापडात गुंडाळायचे, नाहीतर चरे पडतात. पण पहिल्याच भेटीत आतेसासूने नियम सांगितले तर ती घाबरेल, आणि सांगितले नाहीत तर साजही तन्मणीच्या वाटेने जाईल. तू असतीस तर हसत-हसत सांगून टाकले असतेस.

नातीच्या बारशाचे फोटो पाहिले, तुझ्यावर गेली आहे. जावयांच्या बदलीचे काय झाले?

तुझा दादा अजून गुजरीत, सराफांच्या पेठेत, गाठवायला बसतो का? बसत असेल तर मी तन्मणी न उसवता तसाच त्याच्याकडे नेईन. जुना धागा त्याच्याच हाताने सुटावा. खोडाचा डाक बदलणारा कोणी जुना जडावकाम करणारा त्याच्या माहितीत आहे का, तेही विचार. रेशीम मात्र बाबांनी वापरले होते त्याच रंगाचे हवे. वहिनी पुन्हा दुकानात जाण्याआधी कळव.

तुझी,
शालन