घारापुरीच्या पायऱ्यांवरच्या मावशींना

प्रिय मावशी,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. शेवटची लाँच गाठायची घाई होती आणि एक पोर खांद्यावर झोपलेलं होतं. म्हणून हे पत्र नावाशिवायच. घारापुरीच्या पायऱ्या चढताना डाव्या हाताला, निळ्या ताडपत्रीखाली काकड्या, पेरू आणि बोरं घेऊन बसता, त्या तुम्ही. मोठा नातू दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून असतो म्हणाला होतात. त्याच्या नजरेला हे पडलं तर तो तुम्हाला वाचून दाखवेल, एवढ्याच आशेवर लिहितेय.

जानेवारीतला शनिवार होता. नवऱ्याची ड्युटी, म्हणून मी, सहा वर्षांची लेक, साडेतीन वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे चौघं गेटवेहून निघालो. मुलांना समुद्रातून न्यायचं बरेच दिवस मनात होतं. वरच्या डेकचे जादा पैसे भरले, कारण थंडीत लाँचमागे सीगल येतात आणि ते वरूनच छान दिसतात. तासाभराचा प्रवास. नौदलाची जहाजं गेली, तेलाच्या टाक्यांचं बेट गेलं, पक्षी अगदी हाताच्या अंतरावर उडत होते. मुलगा आनंदाने पाय झाडत होता आणि तेवढ्यात त्याची डावी चप्पल कठड्यामधून खाली गेली. क्षणभर पाण्यावर लाल ठिपका दिसला, मग फेसात तोही दिसेनासा झाला. तो जे रडायला लागला ते थांबेचना.

बाजूच्या बाकावरच्या बाई म्हणाल्या, "एवढ्या लहान पोरांना घेऊन निघायचंच कशाला?" त्या वाईट बोलल्या असं नाही, पण हे वाक्य गेली सहा वर्षं मी ऐकतेय. बागेत, एसटीत, लग्नात, सगळीकडे. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, खरंच आपलंच चुकतंय. जेट्टीवरून छोट्या गाडीने पायऱ्यांपर्यंत आलो. तिथून पुढे 120 पायऱ्या आणि कडेवर चौदा किलोचं रडकं, एका पायात चप्पल असलेलं पोर. आईंचे गुडघे तर विसाव्या पायरीलाच बोलायला लागले. तिथूनच मागे फिरायचं मी मनाशी ठरवलं होतं, मावशी. हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात तुम्ही हाक मारलीत. "इकरं ये रं बाला. दर्याला चप्पल पायीज होती, दिली आपून. ररू नको."

आणि तो गप्प झाला! समुद्राला चप्पल हवी होती, हे कारण त्याला पटलं. मी अर्धा तास समजावत होते, नवी घेऊ, बाबा आणतील, त्याने काही फरक पडला नव्हता. तुम्ही टोपलीमागच्या पिशवीतून धाकट्या नातवाच्या जुन्या चपला काढल्यात. निळ्या, टाचेशी झिजून गुळगुळीत झालेल्या, त्याच्या पायाला दोन बोटं मोठ्या. घालून बघितल्या तर पहिल्याच पावलाला निसटल्या. मग तुम्ही जुन्या लुगड्याचा काठ दातांनी तोडलात, त्याच्या दोन पट्ट्या केल्यात आणि घोट्यामागून घेऊन बांधल्यात. मी बघत होते. गाठ तुम्ही आधी आतल्या बाजूला मारली, मग त्याच्या घोट्याच्या हाडावरून अंगठा फिरवलात, गाठ सोडलीत आणि पुन्हा बाहेरच्या बाजूला मारलीत, हाडाला घासू नये म्हणून. समोर दोन गिऱ्हाइकं काकडीचा भाव विचारत उभी होती. तुम्ही मान वर केली नाहीत.

पैसे द्यायला गेले तर रागावलात. "पोराच्या चपलांचं पैसं घेतान काय कोनी?" तिखट-मीठ लावलेल्या दोन काकड्यांचे तेवढे घेतलेत. आणि आईंना म्हणालात, तुम्ही बसा इथं माझ्याजवळ, पोरांना जाऊन येऊ दे.

पुढच्या सगळ्या पायऱ्या तो स्वतः चढला. मोजत. त्याला वीसपर्यंतच येतात, म्हणून वीस झाले की पुन्हा एकपासून. वाटेत माकडाने लेकीच्या हातातली बिस्किटं पळवली, तेव्हा भाऊच तिला सांगत होता, "माकडाला पाहिजे होती, दिली आपण."

लेण्यांबद्दल मी तुम्हाला काय सांगणार? तरी मुलांनी काय पाहिलं ते सांगते. लेकीला कैलास उचलणारा रावण सापडला आणि ती त्याच्यासमोरून हलेना. महेशमूर्तीपुढे दोघंही आपोआप हळू बोलायला लागली. त्या मोठ्या अंधाऱ्या दालनात शिरलं की मोठी माणसंसुद्धा आवाज खाली आणतात, मुलं तर काय. तीन तोंडं बघून मुलाने विचारलं, चौथं मागे आहे का? मग नटराजापाशी आलो. त्याचे हात तुटलेत, पाय तुटलेत. हा बराच वेळ खाली वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "आई, ह्याला मावशीकडे न्यायचं का?"

खाली आलो तेव्हा तुम्ही आणि आई अशा बोलत होतात की बघणाऱ्याला वाटावं, एका आळीत वाढलात. आईंचं माहेर पेणजवळचं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पण माहेरची बोली त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकली ती तुमच्या ताडपत्रीखाली. सुकटीचं कालवण, तांदळाच्या भाकरीची उकड, बेटावर वीज यायच्या आधीचे दिवस. फेब्रुवारी 2018 मध्ये समुद्राखालून केबल आली, त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर आणि मग काळोख, हे तुम्ही सांगत होतात तेव्हा लेक डोळे विस्फारून ऐकत होती. समोर मुंबई दिव्यांनी लखलखतेय आणि तुमच्या घरात कंदील, हे चित्र तिच्या डोक्यातून जात नाही. घरी आल्यावर तिने ते काढलं. काळ्या खडूने भरलेला कागद आणि मधे एक पिवळा ठिपका.

आणखी एक सांगायचंय. दोन रविवारांनी आम्ही राणीच्या बागेत गेलो. शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तुमच्या बेटावरचा दगडी हत्ती उभा आहे. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा नाव दिलं, तोच. 1864 मध्ये इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले होते, पण उचलतानाच तो फुटला. मग तुकडे मुंबईत आणले आणि पुढे 1914 च्या सुमारास ते पुन्हा जोडले. अंगावर सांधे अजून दिसतात. मुलगा तुमच्या चपला घालूनच आला होता, दुसऱ्या घालायला तयारच नसतो. हत्तीपाशी उभा राहून त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगितलं, हा मावशीच्या गावचा हत्ती आहे. लोकांना काही कळत नव्हतं, पण सगळे हो हो म्हणत होते.

मावशी, महागड्या रिसॉर्टला मुलांना नेणं आम्हाला जमत नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याची हौसही नाही. लोकल, लाँच, एसटी, एखादा गड, एखादी बाग, डब्यात पोळीचा लाडू. एवढ्यावर आमचे रविवार जातात. पण प्रत्येक वेळी काहीतरी सांडतं, हरवतं, कुणाचं पोट दुखतं. त्या दिवशी मी मागे फिरले असते, तर पुढचे कितीतरी रविवार घरात गेले असते, हे मला पक्कं माहीत आहे. माझ्याकडे तुम्ही एकदाही 'काय ही आई' अशा नजरेने पाहिलं नाहीत. त्याचे आभार चपलांपेक्षा जास्त आहेत, आणि ते समोर बसून मानायचे आहेत.

निघताना म्हणाला होतात, "परत याल तवा द्या." पावसाळा सरला, समुद्र निवला की येतो. सोमवारी लेणी बंद असतात, तो वार टाळून. आई तुमच्यासाठी पेणचे पोह्याचे पापड आणणार आहेत, पिशवी आत्तापासून भरायला घेतलीय. चपला धुऊन ठेवायला मागितल्या तर मुलगा देत नाही. काल बघितलं, त्याची बोटं आता चपलेच्या टोकाला टेकायला आली आहेत. लुगड्याच्या पट्ट्या मात्र तशाच आहेत, गाठ बाहेरच्या बाजूला.

तुमची,
त्या दोन पोरांची आई