सरावात निसटलेला चेंडू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल सकाळी क्रीडा पान उघडलं आणि हातातला चहा तसाच राहिला. चिखलात पालथा पडलेला आपल्या फुटबॉल संघाचा नवा तरुण गोलरक्षक, त्याच्या छातीखालून मागे सटकलेला चेंडू, आणि खाली ओळ : 'सोपा चेंडूही निसटला, हंगामाआधीच चिंता'. ही ओळ लिहिणारा माणूस मैदानावर किती वेळ होता, एवढंच मला विचारायचं आहे. मी होतो. साल्वादोर द मुंदच्या मैदानाच्या कुंपणाला टेकून, दुपारी चारपासून अंधार पडेपर्यंत. तुमचे छायाचित्रकार पावणेपाचला आले आणि पावसाचा जोर वाढला तसे पाचला निघून गेले.

तो चेंडू सोपा नव्हता. गोलरक्षकांचे प्रशिक्षक सहा चेंडू ओळीने मांडत होते आणि मारण्याआधी प्रत्येक चेंडू पायाने डबक्यात लोळवून घेत होते. मुद्दाम. ओला चेंडू भिजल्या गवतावर टप्पा पडला की हळू होत नाही, सटकतो. त्यात हातमोजे चिखलाने माखलेले, म्हणजे पकड नाहीच. मुलाने उजवीकडे झेप घ्यायची, उठायचं, डावीकडे झेप घ्यायची, पुन्हा उठायचं. दम घ्यायला उसंत नाही. मी मोजत होतो. पहिल्या तीन फेऱ्यांत अठरांपैकी पंधरा चेंडू त्याने अडवले. चौथ्या फेरीत पाय जड झाले आणि एक चेंडू छातीखालून गेला. तुम्ही नेमका तोच छापलात.

हंगामापूर्वीचं शिबिर असतं कशासाठी? सुरुवातीचे आठवडे खेळाडूंना दमवून काढतात, आणि दमल्यावर कोणाची चूक कुठे होते ते बघून तिच्यावर काम करतात. सराव सामन्याचा निकालसुद्धा याच हिशेबाने वाचायचा असतो. मध्यंतरानंतर अख्खा संघच बदललेला असतो. हे गोव्यातल्या शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही.

तुमचा माणूस गेल्यावर काय झालं ते सांगतो. प्रशिक्षक स्वतः चिखलात गुडघा टेकून बसले आणि त्याला दाखवू लागले : कोपर आत, छाती हातांच्या मागे, चेंडू आला की त्याच्यावर पडायचं, त्याच्या शेजारी नाही. मग त्याच कोपऱ्यातून, तसेच भिजवलेले चेंडू, पुन्हा पुन्हा. बाकीचे खेळाडू बूट काढून बसले होते, हा उठत होता आणि पडत होता. रस्त्यावरून जाणारा पोदेर, म्हणजे पाववाला, सायकल टेकवून आमच्या शेजारी उभा राहिला, पाव भिजतील याचीही फिकीर न करता. शेवटचे सात-आठ चेंडू मुलाने सलग छातीशी धरले. माझ्या बाजूचे म्हातारे गृहस्थ कुंपणावरून ओरडले, 'बरें केलें रे पुता!' मुलाने हात वर केला आणि मग सगळे चेंडू गोळा करून जाळीत भरू लागला. याचा फोटो तुमच्याकडे नाही.

मला एवढं लागण्याचं कारण जुनं आहे. २० डिसेंबर २०१५ ला मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन मडगावजवळच्या फातोर्डा स्टेडियमवर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना पाहायला गेलो होतो. तो शाळेच्या संघात गोलरक्षक होता. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने गोल करून एफसी गोवाला २-१ अशी आघाडी दिली आणि आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या. ९०व्या मिनिटाला आपला गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी याच्याकडून स्वयंगोल झाला, पाठोपाठ चेन्नईयिनच्या मेंडोझाने तिसरा मारला, चेन्नईयिन ३-२ ने जिंकले. परतीच्या बसमध्ये लोक कट्टीमणीला ज्या शिव्या देत होते त्या इथे लिहिता येणार नाहीत. मुलगा खिडकीकडे तोंड करून रडत होता. घरी आल्यावर त्याने हातमोजे कपाटावर टाकले आणि पुढचे कित्येक महिने त्यांना हात लावला नाही. त्याच सामन्यात कट्टीमणीने पेनल्टी अडवली होती, हे त्या बसमध्ये एकालाही आठवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी जे वर्तमानपत्र घेतलं, त्यातही स्वयंगोलाचंच मोठं शीर्षक होतं.

२० मार्च २०२२ ला तोच कट्टीमणी, तेच फातोर्डा, फक्त जर्सी हैदराबादची. केरळ ब्लास्टर्सविरुद्ध त्याच लीगचा अंतिम सामना १-१ वर अडला आणि पेनल्टींवर गेला. कट्टीमणीने तीन अडवल्या, हैदराबाद विजेते. आम्ही घरी टीव्हीसमोर होतो. मुलगा तोवर सोळाच्या घरात आलेला. तिसरी अडवल्यावर तो काही बोलला नाही, उठून बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला. मीही त्याच्यामागे गेलो नाही.

म्हणून सांगतो, गोलरक्षकाबद्दल एक ओळ लिहिताना दहा वेळा विचार करा. ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्यासारखा गोलरक्षक ज्या भूमीने देशाला कर्णधार म्हणून दिला, तिथल्या दैनिकाला हे मी कळवायची वेळ यावी याचं वाईट वाटतं. कालचा मुलगा विशीचाही नसेल. त्याच्या घरी तुमचाच अंक येत असणार.

आणखी एक. त्याच पानावर युरोपातल्या खेळाडूंच्या खरेदी-विक्रीला पाच रकाने आणि गोवा प्रोफेशनल लीगच्या बातमीला खाली चार ओळी, त्यातही गोल कोणी केले ते नाही. त्या मुलांचे आईवडील म्हापशाच्या दुलेर मैदानावर भर पावसात उभे असतात, त्यांना नाव तरी वाचायला मिळू द्या. हे मी मागच्या पत्रातही लिहिलं होतं, पण छापताना तेवढाच परिच्छेद गाळला गेला. या वेळी गाळू नये ही विनंती.

छायाचित्रकारांना पुन्हा पाठवा आणि सराव संपेपर्यंत थांबायला सांगा. तो मुलगा सर्वांत शेवटी बाहेर पडतो.

आपला,
एक नियमित वाचक, पर्वरी