किडनी देणाऱ्या बहिणीला एकटीला कोणी विचारेल का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझ्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, आठवड्यातनं तीनदा डायलिसिस चालू आहे आणि त्याला किडनी देण्यासाठी सध्या माझ्या तपासण्या चालल्यात. आधीच सांगते, किडनी मी देणार आहे आणि राजीखुशीने देणार आहे, त्यामुळे हे पत्र वाचून कोणी "हिचं मन फिरलं वाटतं" म्हणू नये (आमच्याकडचे म्हणतीलच, ते जाऊ दे).

भावाचा ब्लड ग्रुप ओ, वहिनीचा बी, आईला शुगर, म्हणून दोघी पहिल्याच फेरीत बाद. राहिलो मी आणि धाकटा भाऊ, आमचा दोघांचाही ओ. पण धाकट्याला कोणी साधं विचारलंही नाही हो! त्याचं लग्न व्हायचंय, नोकरी फिरतीची आहे, असं घरात आपोआपच ठरलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे कशामुळे होतं ते मला आमच्याच स्वयंपाकघरात बसून कळलं.

तपासण्यांबद्दल माझी फारशी तक्रार नाही, त्या कसून व्हायलाच हव्यात. रक्त, शुगर, एक्स-रे, टूडी इको, सीटी अँजिओ, सगळं झालं. भावंडांत टिश्यू पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्के, अर्धं जुळण्याची 50 आणि अजिबात न जुळण्याची 25, आमचं अर्धं जुळलं, डॉक्टर म्हणाले आताच्या औषधांवर तेवढं चालतं, क्रॉसमॅच निगेटिव्ह आली (म्हणजे भावाच्या रक्ताने माझ्या पेशींवर हल्ला केला नाही) हे महत्त्वाचं. डीटीपीए स्कॅनमध्ये कुठली किडनी किती काम करते ते टक्क्यांत कळतं आणि दोघींत बराच फरक निघाला तर चांगली किडनी देणाऱ्याकडेच ठेवतात, हे ऐकून माझ्या आईला केवढं बरं वाटलं, तिला वाटत होतं पोरीची चांगली काढून घेणार.

चोवीस तासांची लघवी जमा करायची तपासणी मात्र चाळीत राहणाऱ्या बाईला विचारून कोणी ठरवलेली नाही. सकाळची पहिली सोडून द्यायची आणि तिथून दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिलीपर्यंत सगळी एका कॅनमध्ये भरायची. आमचे संडास गॅलरीच्या टोकाला, कॉमन. दिवसभर तो पाच लिटरचा कॅन पिशवीत घालून ये-जा करत होते, लाईनीत एकीने विचारलंच, "काय गं, रॉकेल कुठे मिळालं?" हसले मी पण, काय करणार.

खरी गोष्ट पुढे आहे. हॉस्पिटलात (नाव लिहीत नाही, आमचं काम अजून तिथेच अडकलंय) मला विचारलं, "तुम्ही स्वखुशीने देताय ना? कोणाचा दबाव नाही ना?" आणि तेव्हा शेजारच्या खुर्चीत वहिनी, समोर भाऊ, फिस्टुला करून (डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडतात ते) फुगलेला हात टेबलावर ठेवून बसलेला. आता सांगा, त्या हाताकडे बघत कुठली बहीण म्हणेल की थांबा, मला जरा विचार करू द्या? माझं उत्तर हो होतं म्हणून निभावलं, पण जिचं नाही असेल तिनेही तिथे होच म्हटलं असतं.

बरं, कायदा याबाबतीत मुका नाही. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा 1994 चा, त्याच्या 2014 च्या नियमांत स्पष्ट म्हटलंय की देणारी बाई असेल तर जास्त काळजी घ्या आणि तिची ओळख आणि स्वतंत्र संमती ही घेणारा सोडून दुसऱ्या व्यक्तीकडून पक्की करून घ्या. आमच्याकडे काय झालं, तर माझ्या मिस्टरांना "तुमची परवानगी आहे ना" हे माझ्याआधी विचारलं! त्यांनी सही केली, त्यांचा काही प्रश्न नाही. पण नवऱ्याची संमती कायद्याने सक्तीची नाही, असं दिल्ली हायकोर्टाने 2022 मध्येच सांगितलंय, वडिलांना किडनी देऊ पाहणाऱ्या एका मुलीच्या केसमध्ये.

इंग्लंडमध्ये देणाऱ्याशी एक स्वतंत्र माणूस एकट्यात बोलतो, पेशंटच्या डॉक्टरांशी त्याचा संबंध नसतो. आणि मागे फिरायचं असेल तर बरेच डॉक्टर घरच्यांना "मेडिकली जमत नाही" एवढंच सांगतात, त्या माणसाची लाज राखतात. मुंबईत इतकी मोठमोठी ट्रान्सप्लांट सेंटर आहेत, त्यांना एक वेगळी खोली आणि मराठीत नीट बोलणारं एक माणूस ठेवणं जड जाऊ नये. नातेवाईक बाहेर बसतील अर्धा तास.

त्याच खोलीत पुढचंही सांगावं. ऑपरेशनमध्ये देणाऱ्याच्या जिवाचा धोका फार कमी, दहा हजारांत तीनच्या आसपास, पण शून्य नाही. नंतर आयुष्यभर दरवर्षी बीपी, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी), लघवीतलं प्रोटीन बघायचं, डोकं दुखलं म्हणून मनाने पेनकिलर घ्यायची नाही. हे मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. पैशांचं तर कोणी बोलतच नाही, आमच्या पॉलिसीत माझ्या ऑपरेशनचा खर्च बसतो पण आधीच्या तपासण्यांचा नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला अवयवदानासाठी 42 दिवसांपर्यंत खास रजा मिळते (2023 पासून). मी मस्जिद बंदरला एका दुकानात अकाउंट्स बघते, माझी रजा बिनपगारी. शेठ चांगले आहेत म्हणून नोकरी तरी राहील.

आरोग्य खात्याने निदान एकट्यात बोलण्याचं तरी सक्तीचं करावं आणि ते झालं की नाही हे फाईलमध्ये नोंदवायला लावावं. पुढच्या आठवड्यात सर्जनची भेट आहे, मी एकटी आत जाणार असं घरात सांगून ठेवलंय. वहिनी जरा नाराज आहे, होऊ दे.

आपली,
एक वाचक, लालबाग, मुंबई