दुपारचे ऊन टाकीत साठवू द्या

मा. ऊर्जामंत्री महोदय,
सादर नमस्कार.

माझ्या मीटरपेटीत दोन मीटर आहेत. एक घराचा, दुसरा फक्त गीझरचा. रात्री उशिरा पेटीतला कॉन्टॅक्टर (ठरल्या वेळी आपोआप लागणारा स्विच) ‘खट्’ करतो आणि रात्रीच्या स्वस्त दराच्या, म्हणजे सवलतीच्या सर्किटवर पाणी तापू लागते. त्याच दिवशी भरदुपारी छतावरचे सौर पॅनेल जोरात असतात, घरात कोणी नसते, आणि वीज पहिल्या मीटरमधून कवडीमोलाने ग्रिडमध्ये गेलेली असते. रात्री तीच मी जास्त पैसे मोजून परत घेतो.

रात्रीची सवलत का आली ते मला ठाऊक आहे. मोठी औष्णिक आणि अणुवीज केंद्रे रात्री विझवून पहाटे पेटवता येत नाहीत, मग मागणी पडल्यावर उरणारी वीज गीझरमध्ये मुरवायची. हिशेब चोख होता. आता वीज उतू जाते ती दुपारी. गल्लीतल्या तारांचा व्होल्टेज चढतो आणि मर्यादा ओलांडली की पॅनेलची वीज घराच्या विजेत बदलणारा इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. ऐन उन्हात!

दीडशे लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साधारण 6 युनिट लागतात. 3 किलोवॉटची कॉइल हे काम दोन तासांत करते. एवढी वीज साठवणारी बॅटरी विकत आणावी लागेल. टाकी तर घरात आहेच.

वीज कार्यालयात विचारले. उत्तर मिळाले, गीझर घराच्या सर्किटवर घ्या, पण मग रात्रीची सवलत कायमची सोडा. आठवडाभर ढग राहिले तर आंघोळीचे पाणी पूर्ण दराने तापवायचे? म्हणून मी अजून आहे तिथेच आहे.

मागणी एवढीच, की परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवू द्या. दिवसा गीझर घराच्या सर्किटवर, रात्री सवलतीच्या. दोन्ही सर्किट एकमेकांना जोडली गेली तर धोका आहे, ही अधिकाऱ्यांची भीती रास्त आहे. पण इंटरलॉक असलेला स्विच एक बाजू सुटल्याशिवाय दुसरी धरतच नाही. पुढचे थर्मोस्टॅट पाहून घेतो: दिवसा पाणी 60 अंशांवर गेले असेल तर रात्री कॉइल जेमतेम लागते, ढगाळ दिवशी रात्रीची वीज कसर भरते. (पाणी कोमट ठेवून वीज वाचवा, असा सल्ला मात्र कुणी देऊ नये. साठवलेल्या कोमट पाण्यात फुप्फुसांचा गंभीर आजार करणारा लेजिओनेला जिवाणू वाढतो.)

दक्षिण ऑस्ट्रेलियात 2020 पासून सकाळी दहा ते दुपारी तीन हा वीजजाळ्याच्या स्वस्त दराचा काळ आहे. फ्रान्सने नोव्हेंबर 2025 पासून सवलतीचे काही तास दुपारी सरकवायला सुरुवात केली. ज्यांच्या छतावर पॅनेल नाहीत, त्यांच्या सवलतीच्या सर्किटचे दोन तास आपणही दुपारी आणा. शेजारच्या छतावरची जादा वीज त्यांच्याही टाकीत मावेल.

आपला,
दोन मीटरांचा एक ग्राहक