दमलेल्या शिपायाची बैठक दाखवणाऱ्या आबांना

तीर्थस्वरूप आबा,

साष्टांग नमस्कार.

तुमचे आभार घरी येऊन मानले असतेच, पण मुद्दाम जाहीर लिहितोय. तुम्ही जे दाखवलंत ते माझ्यासारखे लढाईच्या खेळाचे छोटे शिपाई रंगवणाऱ्या बाकीच्यांपर्यंतही जावं, अशी माझी इच्छा आहे. नात तुम्हाला वाचून दाखवेलच.

ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऐतिहासिक वॉरगेमिंगमध्ये जुन्या लढाया टेबलावर खेळतात. त्यासाठी मोजपट्टी, फासे आणि नियमावली लागते, आणि लागतात रंगवलेली छोटी माणसं. माझी माणसं साधारण २८ मिलिमीटर मापाची, कथिलाच्या मिश्रधातूत ओतलेली. बाजारात मिळणारे बहुतेक शिपाई पळताना, नेम धरताना, तलवार उगारताना घडवलेले असतात. बसलेला, पहुडलेला, चुलीपुढे वाकलेला शिपाई शोधावा लागतो. खरं तर प्राचीन काळातल्या लढायांच्या काही नियमावल्यांत प्रत्येक सैन्याची छावणी टेबलावर मांडावीच लागते, आणि ती शत्रूच्या हाती गेली तर पराभवाच्या हिशेबात धरतात. पण मला छावणी हवी होती ती आपल्या अंगणातल्या लढाईची.

१८०३ च्या ऑगस्टमध्ये दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजा अजिंठ्याचा घाट चढून निजामाच्या मुलखात गेल्या. २३ सप्टेंबरला केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, असईला, ईस्ट इंडिया कंपनीच्या सेनापती वेलस्लीशी त्यांची गाठ पडली. ऑक्टोबरात बऱ्हाणपूर आणि असीरगड कंपनीनं घेतले, ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह झाला. पाचोऱ्यात राहणाऱ्याला हे लांबचं वाटत नाही, तो घाट आमच्याच दक्षिणेच्या डोंगरात आहे. शिंद्यांच्या चाकरीतल्या पोलमनच्या कवायती पलटणी कुठे उभ्या होत्या, तोफा कुठे होत्या, हे पुस्तकात मिळतं. त्या पलटणीतला माणूस दिवसभर चालून आल्यावर जमिनीला कसा टेकला, हे मात्र मला कुठेच मिळालं नव्हतं.

ते तुमच्या ओसरीवर मिळालं.

विलायतेहून मागवलेली बसलेल्या शिपायांची पाकिटं मी तुमच्यापुढे मांडली. तुम्ही चष्मा पुसून एकेक हातात घेतला, खूप वेळ पाहिला आणि म्हणालात, “दमेल मानूस आसा नही बठस, भो.” मग खाटेवरून उतरून, या वयात, खाली बसून दाखवलंत. दमलेल्या माणसाचं वजन दोन्ही बाजूंना सारखं नसतं, ते एका कुल्ल्यावर जातं. कोपर गुडघ्यावर येतं ते मिजाशीनं नव्हे, खांद्याला आधार हवा असतो म्हणून. पाठीआधी मान पडते. आणि हात! कामात नसलेला हात मनगटातून लोंबतो, बोटं अर्धी मिटलेली राहतात. मूठ आवळलेला माणूस अजून विसावलेला नाही, हे तुम्ही सांगितलंत. त्यानंतर मी सगळ्या पुतळ्यांच्या मुठी आधी बघायला लागलो.

तुम्ही म्हणालात, शिपाई तळावर पोचला की आधी पाय मोकळे करतो, मग पाणी, मग बाकीचं. शस्त्र खाली ठेवतो, पण हात लांब केला की लागेल इतकंच लांब. म्हणून माझ्या छावणीत आता जोडे काढलेली माणसं जास्त आहेत, एकजण तळपाय चोळतोय, आणि झोपलेल्याच्या उशाशी ढाल आहे. काही पुतळ्यांच्या माना करवतीनं कापून किंचित कलत्या चिकटवल्या. पागोटी एमसीलची केली. घट्ट होण्याआधी सुईच्या टोकानं पीळ काढले की ती छान दिसतात.

रंगाच्या बाबतीत तुमची टोपी मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. तुम्ही ती काढलीत आणि कपाळावरची रेघ दाखवलीत: वरचा भाग फिकट, खाली उन्हानं रापलेला चेहरा. पागोटं मांडीवर काढून ठेवलेल्या प्रत्येक शिपायाला मी आता ती रेघ देतो. तसाच जोड्याबाहेर आलेला पाय घोट्यापर्यंत उजळ, वर धुळीनं माखलेला. बसलेल्या माणसावर उजेडही वेगळा पडतो. उभ्या पुतळ्याचे खांदे उजळायचे असतात, बसलेल्याच्या मांड्या आणि गुडघे. पोटाजवळचा घोळ गडद ठेवला तरच तो खरोखर टेकलेला वाटतो. पांढऱ्या कपड्याला पांढरा रंग शेवटी आणि अगदी थोडा लावतो, खाली मातकट करडा, त्यावर हस्तिदंती. “नदीत धुयेल कपडा पांढरा ऱ्हास का?” हे तुमचंच.

आणि जनावरं. लष्करातल्या खेचरांच्या तुकडीत तुम्ही उमेदीची वर्षं घालवलीत, हे मला ऐकून माहीत होतं, पण त्याचा अर्थ त्या दुपारी कळला. विसावलेलं जनावर मागचा एक पाय सैल सोडून खुराच्या टोकावर टेकवतं, खालचा ओठ ढिला पडतो, कान बाजूला कलतात. हे तुम्ही स्वतःचा ओठ सोडून दाखवलंत तेव्हा मी फोटो काढायचा विसरून नुसता पाहत राहिलो. अगाडी-पिछाडीचे दोर किती सैल बांधायचे, चंदीचा तोबरा तोंडाला कुठवर चढवायचा, खोगीर उतरल्यावर पाठीवर घामाचा डाग कुठे राहतो, हे सगळं तुमच्या हातांना अजून पाठ आहे. पाठीवरचा तो ओला डाग मी थोड्या चकाकत्या वार्निशानं काढला. बघणारे आधी तिथेच बोट ठेवतात.

जमीन आपलीच आहे. शेतातली काळी माती चाळून फेव्हिकॉलमध्ये कालवली, पुतळ्याच्या पायाखालच्या चकतीवर लावली. वाळताना ती आकसते आणि आपल्या शिवारातल्यासारख्या भेगा पडतात, वेगळं काही करावं लागत नाही. दोरखंड आणि कडबा केळीच्या सोपाच्या धाग्याचा. राहुट्या जुन्या धोतराच्या. आमच्या वैशाखात स्प्रेचा प्रायमर हवेतच वाळून खरखरीत बसतो, म्हणून तो पहाटे मारतो. एवढंच त्याबद्दल.

आबा, बर्फात खेचरांशेजारी काढलेल्या रात्रींबद्दल तुम्ही त्या दिवशी बोललात. सोबत्यांपैकी कोण कसा बसायचा, कोण बसल्या बसल्या घोरायचा, कोण सगळ्यांच्या आधी चहाचं आधण ठेवायचा. हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं, असं काकू दारातून म्हणाल्या. लढाईत काय केलं ते लोक विचारतात, आणि ते विचारावंच. पण शिपायाच्या आयुष्यातला कितीतरी मोठा भाग असा तळावर जातो. असईच्या आदल्या संध्याकाळी नदीकाठी चुली पेटवून बसलेल्या माणसांतल्या बहुतेकांची नावं आपल्याला कधी कळणार नाहीत. त्यांना बसायला जागा द्यावी, नीट, त्यांच्या थकव्याचा मान ठेवून, असं मला मनापासून वाटत होतं. ते तुमच्यामुळे जमलं. चुलीपुढे गुडघा वर घेऊन बसलेला, हातात रिकामा तांब्या धरलेला तो पिकल्या मिशांचा माणूस तुमच्यावरूनच केलाय. परवानगी न विचारता केला, पण तुम्हाला आवडेल अशी खात्री आहे.

आखाजीला गावी येतोय, छावणी पेटीत घालून आणतो. एक काम अजून शिल्लक ठेवलंय. छावणीच्या कडेला रात्रीच्या पहाऱ्याचा शिपाई उभा करायचाय, त्याची चकती रिकामी आहे. मध्यरात्र उलटून गेल्यावर, बदली यायला वेळ असताना, माणूस बंदुकीवर किती रेलतो आणि कुठला पाय मोडतो, ते उभं राहून दाखवाल का? काकूंना सांगा, चहा मी करीन.

तुमचा,
पाचोऱ्याहून